साखर विरघळते, फुटत नाही

नववीच्या विज्ञानाची प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र

सावेडी, अहिल्यानगर

सर आणि मॅडम,



मी शिक्षक नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. गळीत हंगामात तिन्ही पाळ्यांत रसाचे नमुने तपासण्यात नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर सावेडीला पाईपलाईन रोडवर राहायला आलो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण तोंडातून नगरच निघतं. तेवढं चालवून घ्या.

सावेडीत राहायचं म्हणजे क्लासच्या वेळापत्रकाने राहायचं. संध्याकाळी क्लास सुटले की प्रोफेसर कॉलनीकडून स्कूटर काढणं अवघड, म्हणून मी भाजी दुपारीच आणतो. त्या सायकलींच्या गर्दीत माझी नातही असते. ती नववीला आहे. परवा तिने घटक चाचणीचा विज्ञानाचा पेपर दाखवला. शाळेचं नाव सांगत नाही, कारण असा पेपर कुठल्याही शाळेचा असू शकतो. प्रश्न होता, ‘पुढील संयुगांच्या पाण्यातील विचरणाची समीकरणे लिहा.’ हायड्रोक्लोरिक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सोडियम क्लोराइड. पाचपैकी पाच गुण. अक्षर सुंदर, बाण पट्टीने काढलेले.

मी खूश झालो. समोर चहा होता, त्यात साखर ढवळत होतो. सहज म्हणालो, “आता हिचं लिही.”

तिने सूत्र आठवलं, सी बारा, एच बावीस, ओ अकरा. क्षणभर पेन चावलं आणि साखरेचे सरळ दोन तुकडे केले. बारा कार्बन एकीकडे, अकरा पाणी दुसरीकडे. वर धन आणि ऋण भारही लावले, दोन्ही बाजू जुळतील असे.

मग मला राहवेना. डिस्टिलरीतल्या स्पिरिटचं विचारलं. “इथेनॉलच्या शेवटी ओएच आहे ना आबा, मग तो आम्लारी. ओएच सुटणार.” व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचं विचारलं. तिने त्यातले चारही हायड्रोजन सोडवून टाकले.

चुका तीन, पण जात एकच. सूत्र ही तिच्या लेखी तोडायची वस्तू झाली आहे. कुठे तोडायचं याची खूण पाच उदाहरणांत सापडते, आणि पेपरात नेमकी तीच पाच येतात. पाण्याचा त्यात संबंध कुठे आला, हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नाही. हे पत्र त्यासाठी.

पुस्तकाचा दोष आहे असं मला वाटत नाही. पाचवा धडा, ‘आम्ल, आम्लारी व क्षार’, मी दोनदा वाचून काढला. पण मुलं धडा शिकत नाहीत, पेपर शिकतात. आम्हीही तेच केलं होतं. म्हणून पुस्तकवाल्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

आधी साखरेचं सांगतो, कारण आपला जिल्हा तिच्यावर उभा आहे. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५० साली सुरू झाला आणि पुढे तालुक्या-तालुक्यात चिमण्या दिसू लागल्या. त्या चिमण्यांखाली रात्रंदिवस जे चालतं ते तुमच्या पाचव्या धड्याचंच प्रात्यक्षिक आहे. उसाचा ताजा रस आंबट असतो, सामू साधारण सव्वापाच. तो आटवायचा तर तापवावा लागतो, आणि आंबट रस तापवला की साखर तुटते. तुटते म्हणजे तिचे आयन होत नाहीत. एका साखरेच्या दोन साखरा होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्यांचा पांढरा दाणा धरत नाही, त्या मळीत जातात. ही तोडफोड घडवतो हायड्रोजन आयन, आणि गंमत अशी की तो स्वतः खर्च होत नाही. एक रेणू तोडला की पुढच्याकडे निघाला. लग्नात भांडण लावून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसणारा पाहुणा असतो ना, तसा.

म्हणून रसात चुन्याचं दूध सोडतात. समीकरण मी शब्दांत लिहितो, नातीसाठीही तसंच लिहिलं होतं:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड → एक कॅल्शियम आयन (दोन धन) + दोन हायड्रॉक्साइड आयन (प्रत्येकी एक ऋण)

आणि मग खरं काम:

हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी

वरून गंधकाचा धूर सोडून जास्तीचा चुना बसवायचा आणि सामू सातच्या आसपास आणून ठेवायचा. खाली घसरला तर साखर जाते, फार वर गेला तर रस काळवंडतो. माझी सगळी नोकरी या दोन ओळींच्या मध्ये उभं राहण्यात गेली. या ओळी पाठ होत्या म्हणून कधी काही वाचलं नाही. रात्री तीन वाजता सामू घसरलाय म्हणजे टाकीत नक्की काय चाललंय, हे डोळ्यांसमोर येत होतं म्हणून वाचलं.

आता सावेडीतला किस्सा. इकडे बऱ्याच सोसायट्यांत बोअर आहे आणि बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे पाण्याचे फिल्टर विकणारी मुलं दर महिन्याला दारात. असाच एक मुलगा आला. कंपनीचं नाव सोडून देऊ. त्याने टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. मग पिशवीतून दांड्यांचं एक खोकं काढलं, दांड्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या आणि वायर बोर्डात खुपसली. मिनिटभरात आमचं पाणी तपकिरी झालं, वर मळकट साय धरली. त्याचं पाणी स्वच्छच. “बघा आजी, रोज हे पिता तुम्ही.” आमची मंडळी घाबरली. मुलाने पावती पुस्तक काढलं.

मी नातीला स्वयंपाकघरातून मीठ आणायला सांगितलं. चिमूटभर मीठ त्याच्या स्वच्छ पाण्यात टाकलं आणि म्हटलं, “आता लाव.” ते आमच्या पाण्यापेक्षाही गडद झालं. मग त्याच्याच बाटलीतलं ताजं पाणी घेऊन त्यात दोन चमचे साखर विरघळवली. पुन्हा लावलं. काही नाही, पाणी होतं तसंच.

पोरगा ओशाळला. त्याला तरी काय दोष द्यायचा, त्याला जे शिकवलं ते तो करत होता. त्याला चहा दिला. पण नात दोन्ही ग्लासांकडे बघत बसली होती. ती म्हणाली, “आबा, मीठही विरघळलं, साखरही विरघळली. मग?”

‘मग?’ हा प्रश्न तिला पाच गुणांच्या प्रश्नाने पडला नव्हता.

घडलं ते असं. तपकिरी रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हता. दांड्यांपैकी एक लोखंडाची होती. पाण्यातून वीज जाऊ लागली की तीच झिजते, लोखंडाचे आयन पाण्यात उतरतात आणि हायड्रॉक्साइडशी जोडले जाऊन गंज तयार होतो. वीज जायला पाण्यात आयन हवेत. आमच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट भरपूर, म्हणून वीज गेली. यंत्राने ते काढून टाकलेले, म्हणून गेली नाही. मिठाने आयन दिले. साखरेचे रेणू पाण्यात सुटे झाले, पण अखंड राहिले. भार नाही, तर वीज कोण वाहणार? (वर्गात हे खोकं मात्र आणू नका. त्यातून घरची वीज थेट पाण्यात उतरते. पुस्तकातला सेलवरचा प्रयोग पुरेसा आहे.)

त्या संध्याकाळी आम्ही वही घेऊन बसलो. मी तिला म्हटलं, बाण काढण्याआधी प्रत्येक पदार्थाची चौकशी कर. पाण्यात पडण्यापूर्वी तू कोण होतास? मीठ सांगेल, मी आधीपासूनच आयनांचा होतो. सोडियम आणि क्लोराइड खड्यात एकमेकांना घट्ट धरून बसले होते, पाण्याने फक्त हात सोडवले. हायड्रोजन क्लोराइड वायूचं तसं नाही. कोरडा असताना त्यात आयन नसतात. कोरड्या लिटमस कागदालाही तो दाद देत नाही. पाणी भेटलं की पाणीच त्याच्यातला हायड्रोजन ओढून घेतं. म्हणजे एकीकडे पाणी नुसतं सोडवतं, दुसरीकडे घडवतं. आपण दोन्हीकडे एकच बाण काढतो आणि पुढे जातो. बाणावर नुसतं ‘पाणी’ असं लिहिलं तरी निम्मं काम होईल. काही पुस्तकांत ते लिहितात. उत्तरपत्रिकेत नसलं तर कुणी गुण कापत नाही, म्हणून मुलं लिहीत नाहीत.

दुसरी चौकशी, सगळे सुटता की थोडेच? ॲसेटिक आम्लाचं सौम्य द्रावण घेतलं, दशांश मोलर, तर हजार रेणूंतले जेमतेम तेरा सुटतात. तेही प्रत्येकी एकच हायड्रोजन देतात. बाकीचे तीन कार्बनला चिकटून असतात, त्यांना पाणी हलवू शकत नाही. उरलेले नऊशे सत्त्याऐंशी रेणू जसेच्या तसे. म्हणून तिथे उलटसुलट दोन बाण. व्हिनेगर आपण जिभेवर ठेवू शकतो आणि फरशी धुण्याचं ॲसिड ठेवू शकत नाही, याचा बराचसा हिशेब या दुहेरी बाणात आहे. अमोनिया तर आणखी मासलेवाईक. त्याच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाहीच, तरी तो आम्लारी. तो पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो:

अमोनिया + पाणी ⇌ अमोनिअम आयन (एक धन) + हायड्रॉक्साइड आयन (एक ऋण)

उलट इथेनॉलच्या सूत्रात ओएच लिहिलेला दिसतो, पण तो कार्बनला बांधलेला. सूत्र बघून निकाल देणाऱ्याला ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत. आणि पाणी स्वतः? शुद्ध पाण्यात खोलीच्या तापमानाला सुमारे पंचावन्न कोटी रेणूंत एक फुटलेला असतो. नात म्हणाली, म्हणजे भारताच्या लोकसंख्येत अडीच माणसं. तिच्या गणिताचा मला अभिमान वाटला.

शब्दांबद्दल एक सांगतो, मराठीच्या तासाला सांगितलंत तरी चालेल. ‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरेडे यांनी १८३४ साली वापरात आणला, ग्रीक भाषेतून, अर्थ ‘जाणारा’. आपलं ‘अयन’, म्हणजे उत्तरायण-दक्षिणायनातलं, त्याचाही अर्थ जाणं, आणि भाषाशास्त्र सांगतं की दोन्हींचं मूळ एकच. मराठीत विचरण म्हणजे तर फिरणं, भटकणं. इतका बोलका शब्द आपल्याकडे आहे, आणि मुलांना तो तुकडे करण्याचा समानार्थी वाटतो.

फॅरेडेंच्या काळी समजूत अशी की वीज सोडली की पदार्थ फुटतो. वीज नसतानाही, नुसतं विरघळल्याबरोबर आयन सुटे होतात, हे म्हणण्याचं धाडस स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनिअस यांनी १८८४ साली उप्साला विद्यापीठातल्या प्रबंधात केलं. परीक्षकांना ते पटलं नाही. ग्लासभर पाण्यात सोडियम आणि क्लोरीन वेगवेगळे, आणि कुणी मरत नाही? कसंबसं उत्तीर्ण केलं, श्रेणी इतकी खालची की विद्यापीठात शिकवण्याची वाट जवळपास बंद झाली. त्याच कामाबद्दल १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुण देणाऱ्यांची चूक किती महागात पडू शकते याचं हे उदाहरण पेपर काढणाऱ्यांनी टेबलावर लावून ठेवावं. टोमणा नाही, मीही लॅबमधल्या मुलांना पुष्कळ चुकीचे शेरे दिलेत. या अऱ्हेनिअसांचा १८८९ सालचा प्रसिद्ध लेख कशावर होता माहीत आहे? आम्लामुळे उसाची साखर किती वेगाने तुटते, यावर. रस निवळवणाऱ्या आमच्या क्लॅरिफायरवर त्यांचा फोटो लावायला हवा होता.

आता मातीकडे येतो. तुमच्या वर्गातल्या किती मुलांच्या घरी शेती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, कोपरगाव या पट्ट्यात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि निचरा न झालेल्या जमिनींवर पांढरा खार फुटला. शेतकरी खारवट आणि चोपण असे दोन शब्द वापरतो आणि ते अचूक आहेत. खारवट म्हणजे विद्राव्य क्षार जास्त. चोपण म्हणजे मातीच्या कणांना सोडियम जास्त चिकटलेला, सामू साडेआठच्या वर, पावसानंतर चिखल आणि वाळली की दगड. या जमिनींवर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने वर्षानुवर्षं काम केलं आहे. माती परीक्षणाच्या कागदावर पहिल्या ओळींत दोन आकडे असतात, सामू आणि विद्युत वाहकता. सामू म्हणजे हायड्रोजन आयनांचा हिशेब. वाहकता म्हणजे एकूण आयनांचा. तुमचा अख्खा पाचवा धडा त्या दोन रकान्यांत बसलाय, आणि ज्या मुलाच्या वडिलांच्या खिशात तो कागद आहे त्याला शाळेत त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

चोपण सुधारायला जिप्सम टाकतात. का टाकतात, याचं उत्तर एका समीकरणात आहे:

कॅल्शियम सल्फेट → कॅल्शियम आयन (दोन धन) + सल्फेट आयन (दोन ऋण)

दोन धन भाराचा एक कॅल्शियम मातीच्या कणाजवळ जातो आणि प्रत्येकी एक भाराचे दोन सोडियम तिथून उठतात. भाराचा जमाखर्च जुळतो. उठलेला सोडियम सल्फेटच्या सोबतीने पाण्यात राहतो, आणि पाणी शेताबाहेर गेलं तरच तोही जातो. चर न काढता जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, आणि इथे ही नुसती म्हण नाही. सल्फेटचा भार दोन आहे हे पाठ करणाऱ्या मुलाला तो दोन कुठे कामाला येतो हे कळलं, तर मला वाटतं पुन्हा पाठ करावं लागणार नाही. त्याच शेतात युरिया पडतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि साखरेसारखाच अखंड राहतो. पुढे जमिनीतले जिवाणू त्याचा अमोनिअम करतात तेव्हा कुठे आयन दिसतो.

तुरटीचं थोडक्यात. पावसाळ्यात मुळा धरणाचं पाणी गढूळ येतं, घरोघरी माठात तुरटी फिरते. एक पोटॅशियम (एक धन), एक ॲल्युमिनियम (तीन धन), दोन सल्फेट (प्रत्येकी दोन ऋण). चार आणि चार. वाणसामानाच्या हिशेबापेक्षा अवघड नाही. गाळाचे कण ऋण भाराचे, ॲल्युमिनियमचे तीन धन त्यांना एकत्र आणतात. हा प्रश्न परीक्षेत यायला काय हरकत आहे?

तर विनंती एवढीच. अभ्यासक्रम बदला म्हणत नाही, तो तुमच्या हातात नाही. पाच संयुगांची यादी तशीच ठेवा, फक्त त्यातलं एक काढून तिथे साखर घाला. किंवा युरिया, किंवा इथेनॉल. ‘ज्याचे विचरण होत नाही त्यापुढे तसे लिहा व कारण द्या.’ आणखी एका संयुगाच्या जागी व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल घाला आणि दुहेरी बाणाला अर्धा गुण ठेवा. बाणावर पाणी लिहिणाऱ्याला अर्धा. आणि वर्षातून एकदा, एकाच चाचणीत, माती परीक्षणाचा एक खरा अहवाल छापा, शेतकऱ्याचं नाव झाकून, आणि विचारा की ही जमीन खारवट की चोपण, आणि कशावरून. पहिल्या वर्षी गुण कमी पडतील, पालक भेटायला येतील. त्यांच्यात मीही असेन, पण तक्रार करायला नाही.

पेपर तपासायला माणूस कमी पडत असेल तर सांगा. दुपारी मोकळाच असतो.

आपला,
एक निवृत्त साखर केमिस्ट
पाईपलाईन रोड, सावेडी

ता. क. : तीन गुणांचा एक प्रश्न तयार करून ठेवलाय, हवा तर घ्या. फरशी धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत का मिसळू नये? उत्तर : ॲसिडमधून हायड्रोजन आणि क्लोराइड आयन येतात, पावडरमधून हायपोक्लोराइट. तिघं भेटले की क्लोरीन वायू आणि पाणी तयार होतं. बंद बाथरूममध्ये तो वायू फुप्फुसं जाळतो. दिवाळीच्या साफसफाईआधीच्या चाचणीत हा प्रश्न घ्या.